‘माझी ओळख’ हा उपक्रम सहावीच्या वर्गात कोणाला न दुखावता कसा घ्यावा?

प्रश्न : सहावीची वर्गशिक्षिका, सातारा जिल्हा

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावीच्या वर्गाला शिकवते. गावाच्या शिवारात सर्वत्र ऊस आहे आणि साखर कारखानाही जवळच आहे, त्यामुळे दिवाळीनंतर माझ्या वर्गाचे रूपच बदलते. एरवी पटावर सत्तावीस मुले असतात. गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या भागांतून आलेल्या ऊसतोड कुटुंबांतील आठ-नऊ मुले वर्गात येऊन बसू लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की आईवडिलांबरोबर निघून जातात. त्यांच्यापैकी चार मुलांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची भाषा, बोलली जाते. गावातली मुलेही एकसारखी नाहीत. बागायतदारांची आहेत, शेतमजुरांची आहेत, दोन मुस्लिम कुटुंबांतली आहेत आणि एक मुलगा श्रवणयंत्र लावतो.

ऊसतोड कुटुंबे उसाच्या वाळल्या पानांच्या, म्हणजे पाचटाच्या, खोपटात राहतात, त्याला कोपी म्हणतात. मधल्या सुट्टीत ‘ए कोपीवाली’ अशी हाक ऐकू येऊ लागली, तेव्हा मुलांनी एकमेकांना ओळखावे या हेतूने मी ‘माझे घर, माझे कुटुंब’ हा उपक्रम घेतला. प्रत्येकाने घराचे चित्र काढावे आणि जमल्यास कुटुंबाचा फोटो आणावा, असे सांगितले. नव्याने आलेल्या एका मुलीने स्लॅबचे घर, अंगणात तुळस आणि दारात मोटारसायकल असे चित्र काढले. शेजारचा मुलगा मोठ्याने म्हणाला, ‘‘हिचं घर तर पाचटाचं आहे, मी बघितलंय.’’ तिने काही उत्तर दिले नाही. ती खोडरबराने ते घर खोडत राहिली आणि कागद फाटेपर्यंत थांबली नाही. पुढचे दोन दिवस ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी मी ऊसतोड चालते त्या फडावर जाऊन तिच्या आईला भेटले, तेव्हा ती पुन्हा येऊ लागली.

ही चूक माझी होती, हे मला मान्य आहे. परंतु अशा उपक्रमांचा नादच सोडून द्यावा, असेही मला वाटत नाही, कारण उपक्रम घेतला नाही म्हणून ‘कोपीवाली’ ही हाक थांबणार नाही. आपल्या ओळखीविषयी मुलांना अभिमानाने बोलता येईल आणि दुसऱ्याचे वेगळेपण त्यांना सहज वाटेल, असे काही आपण वर्गात केले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. विशेषतः वर्षाच्या मध्यावर येणाऱ्या आणि चार-पाच महिन्यांत जाणाऱ्या मुलांना त्यात कसे सामावून घ्यावे, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ : मेळघाटातील प्राथमिक शिक्षक

ताई, आपल्या वर्गात गोरमाटी बोलणारी चार मुले आहेत, हे वाचून मला वाटले की सुरुवात भाषेपासूनच करावी. घर दाखवायला लावले की गरिबी दिसते, आणि भाषेच्या बाबतीत मात्र प्रत्येक मूल काही ना काही देणारेच असते.

माझ्या शाळेतील बहुतेक मुले कोरकू बोलतात. मी नवीन होतो तेव्हा त्यांच्या बोलण्याला गावाकडची मोडकी मराठी समजत होतो आणि वह्यांत लाल शाईने शब्द ‘सुधारत’ होतो. कोरकू ही मराठीची बोली नाही, ती मुंडा भाषाकुलातील आहे आणि झारखंड-ओडिशाकडच्या संथाळी, मुंडारी या तिच्या बहिणी आहेत, हे मला फार उशिरा कळले. ते कळल्यावर मी भारताचा नकाशा फळ्यावर लावला आणि मुलांना दाखवले, की तुमच्या भाषेचे नातेवाईक इतक्या दूर राहतात. चौथीतला एक मुलगा कितीतरी वेळ त्या नकाशावर वितीने अंतर मोजत उभा होता.

‘एक शब्द, अनेक घरे’ हा आमचा उपक्रम अगदी साधा आहे. आठवड्याला एक शब्द घ्यायचा आणि तो ज्याच्या घरी जसा बोलला जातो तसा एका मोठ्या तक्त्यावर देवनागरीत लिहायचा. ‘पाणी’ हा शब्द घेतला, तर कोरकूत ‘डा’, गोंडीत ‘येर’, कन्नडमध्ये ‘नीरु’. आपल्याकडे ‘आई’ घ्यावा. गोरमाटीत ‘याडी’ म्हणतात, हे आपल्या मुलांकडूनच फळ्यावर येईल. आईसाठी गावातल्या घरांतही आई, माय, अम्मी, बय असे कितीतरी शब्द असतात, त्यामुळे नव्या मुलांनाच वेगळे काढल्यासारखे होत नाही.

येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. ‘‘तुमच्या भाषेत जरा बोलून दाखव बघू’’ असे मुलाला उभे करून म्हणू नये, कारण त्यात ते मूल तमाशाची वस्तू होते आणि बाकीचा वर्ग प्रेक्षक. खडू त्या मुलाच्या हाती द्यावा आणि आपण स्वतः त्याच्याकडून शिकावे. माझे कोरकू उच्चार चुकतात, मुले ते दुरुस्त करतात, आणि ज्याला मराठी वाचताना अडखळायला होते तो मुलगा त्या दहा मिनिटांत गुरुजींचा गुरुजी असतो. याचा परिणाम मी मराठीच्या तासालाही पाहिला आहे. चुकण्याची भीती कमी झाली की मूल वाचू लागते.

उत्तर २ : माध्यमिक शिक्षक, निमशहरी शाळा

माझे मत थोडे वेगळे आहे. लहान मुलांना भेद ठाऊक नसतात. ‘तू कोण, तुझी भाषा कोणती, तुझे घर कसले’ असे विचारून आपणच ते त्यांच्या मनात भरवतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते. एकच गणवेश, एकच प्रार्थना, एकच प्रतिज्ञा यांतून सर्व समान आहेत हा संस्कार होतोच. वेगळेपणावर बोट ठेवण्यापेक्षा जे समान आहे त्यावर भर द्यावा.

उत्तर ३ : शालेय समुपदेशक, पुणे

उत्तर २ मधील काळजी मला समजते, परंतु त्यामागचे गृहीतक मुलांशी रोज बोलताना टिकत नाही. ‘हिचं घर पाचटाचं आहे’ हे त्या मुलाला कोणी वर्गात शिकवले नव्हते. सहावीत येईपर्यंत मुलांना कोण कोणाच्या घरी पाणी पीत नाही, कोणाशी खेळलेले आजीला आवडत नाही, हे सारे कळलेले असते. त्याविषयी चांगल्या शब्दांत बोलायची सवय मात्र त्यांना कोणी लावलेली नसते. आणि प्रतिज्ञेचेच म्हणाल, तर ‘विविधतेने नटलेल्या परंपरां’चा उल्लेख त्या प्रतिज्ञेतच आहे, शिवाय ती मुळात १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली, हे मुलांना जरूर सांगावे. रोज सकाळी मराठीत म्हटली जाणारी ओळ दुसऱ्या भाषेतून आपल्याकडे आली आहे, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ओळखीवरचा कोणताही उपक्रम ठरवताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते : काय सांगायचे आणि काय नाही, हे ठरवण्याचा अधिकार मुलाकडे उरतो आहे का? घराचे चित्र, कुटुंबाचा फोटो, वंशवृक्ष, ‘माझे वडील काय करतात’ हे विषय वरवर निरुपद्रवी वाटतात, पण ज्याचे वडील घर सोडून गेले आहेत, जे मूल दत्तक आहे किंवा मामाकडे राहते, त्याला तेथे दोनच वाटा उरतात, खोटे बोलणे किंवा उघडे पडणे. आपल्या विद्यार्थिनीने स्लॅबचे घर काढले, ते खोटे म्हणून पाहू नये. दुसरी वाट तिच्यापुढे नव्हतीच.

त्याऐवजी मी ‘तीन वर्तुळे’ घेते. कागदावर एकात एक अशी तीन वर्तुळे काढायची. बाहेरच्या वर्तुळात माझ्याविषयी जे सर्वांना सांगायला मला आवडेल ते, मधल्यात जे फक्त जवळच्या मित्रमैत्रिणींना सांगेन ते, आणि आतल्या वर्तुळात जे केवळ माझे आहे ते. आतले वर्तुळ मनातच भरायचे, लिहायचेही नाही. वाचून दाखवायचे ते फक्त बाहेरचे, आणि तेही ज्याची इच्छा असेल त्यानेच. ‘मला आज सांगायचे नाही’ असे म्हणण्याची मुभा पहिल्याच दिवशी सर्वांना द्यावी आणि शिक्षकानेही ती एकदा वापरून दाखवावी, म्हणजे ती खरी आहे हे मुलांना पटते. बाहेरच्या वर्तुळात मी ‘मला शिट्टी वाजवता येते’, ‘मी शेळीचे बाळंतपण पाहिले आहे’, ‘मला अंधाराची भीती वाटत नाही’ असे वाचले आहे. माणसाची ओळख जात, धर्म, गाव एवढ्यातच संपत नाही, हे मुले स्वतःच्या हाताने लिहून शिकतात. आणि ज्याला आपला धर्म किंवा आपली वस्ती बाहेरच्या वर्तुळात लिहावीशी वाटते, त्याला ते अभिमानाने लिहिता यावे, इतका वर्ग सुरक्षित करणे हे आपले काम आहे.

नावाची गोष्ट हाही चांगला उपक्रम आहे : माझे नाव कोणी ठेवले, घरी मला काय म्हणतात, मला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. मात्र तो पहिल्या नावापुरताच ठेवावा. महाराष्ट्रात आडनाव विचारणे म्हणजे पुष्कळदा जात विचारणेच असते, हे आपण सारे जाणतो.

दोन उपक्रम टाळावेत असे मी आग्रहाने सांगेन. पहिला, अमेरिकेतील जेन एलियट या शिक्षिकेचा डोळ्यांच्या रंगांचा प्रयोग. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, एप्रिल १९६८ मध्ये, आयोवा राज्यातील राइसव्हिल या लहान गावात तिसरीच्या वर्गाची निळ्या आणि तपकिरी डोळ्यांवरून विभागणी करून त्यांनी एका गटाला श्रेष्ठ आणि दुसऱ्याला कनिष्ठ ठरवले आणि नंतर अदलाबदल केली. त्या गोऱ्या मुलांना भेदभावाची कल्पना नव्हती, म्हणून त्यांना ती द्यावी हा हेतू होता, आणि तेव्हाही या प्रयोगाच्या नैतिकतेवर बरीच टीका झाली. आपल्या वर्गात तर अपमान रोज सोसणारी मुले बसलेली असतात. त्यांना तो नाटक म्हणून पुन्हा भोगायला लावणे मला क्रूर वाटते. दुसरा, डोळ्यांवर पट्टी किंवा कानांत कापूस घालून ‘अपंगत्वाचा अनुभव’ देणे. त्यातून मुलांना भीती आणि कीव वाटते, आदर वाढत नाही. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला एकांतात विचारावे, की वर्गाने काय केले तर तुला सोपे जाईल. ‘‘बोलताना माझ्याकडे तोंड करा’’ एवढेच त्याचे म्हणणे असू शकते, आणि तो नियम सर्वांसाठी करता येतो.

आणि सर्वांत उपयोगी काय, असे विचाराल तर ‘जिगसॉ’ पद्धत. १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहरात शाळांचे वर्णभेदी विभाजन संपवताना वर्गांत तणाव वाढला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरॉन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती बसवली. पाठाचे पाच-सहा भाग करायचे आणि गटातील प्रत्येक मुलाला एकच भाग द्यायचा. समान भाग असलेली मुले एकत्र बसून तो पक्का करतात आणि मग आपापल्या गटात परत येऊन इतरांना शिकवतात. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय कोणालाच पूर्ण पाठ कळत नाही, त्यामुळे ज्याला आजवर कोणी बोलू दिले नाही त्याचेही ऐकावे लागते. आपल्या वर्गासाठी विषयही तयार आहे. लागणीपासून साखरेच्या पोत्यापर्यंत उसाचा प्रवास घ्यावा. गावातल्या मुलांना लागण आणि पाणी ठाऊक असेल, आलेल्या मुलांना तोड आणि वाहतूक. कोणाच्या घराचे छप्पर कसले आहे, हे येथे कोणालाच सांगावे लागणार नाही.

उत्तर ४ : निवृत्त मुख्याध्यापक, सांगली जिल्हा

समुपदेशक ताईंनी उपक्रमांविषयी उत्तम लिहिले आहे, म्हणून मी उपक्रमांबाहेरच्या वेळेविषयी लिहितो. आठवड्यातून एक तास आदराचा आणि उरलेले सर्व तास अनादराचे असतील, तर मुले त्या एका तासावर विश्वास ठेवत नाहीत.

माझ्या सेवाकाळात शिष्यवृत्तीची माहिती भरताना ‘मागासवर्गीय मुलांनी उभे राहावे’ असे भर वर्गात सांगितले जात असे, आणि मीही काही वर्षे तसेच सांगितले, याची आज खंत वाटते. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचा अर्ज ही त्या मुलीची आणि कार्यालयाची गोष्ट आहे. जनरल रजिस्टरमध्ये जातीचा रकाना असतो, म्हणून तो वर्गात वाचून दाखवायचा नसतो. वर्ग झाडण्याची पाळी कोणाकडे जाते, पोषण आहार वाढायला कोणाला बोलावले जाते, पाहुणे आले की स्वागतगीताला कोण उभे राहते आणि शेवटच्या बाकावर कोण बसते, हे एक आठवडा वहीत टिपून पाहावे. मी टिपले होते. झाडू तीन-चार ठरावीक मुलांच्याच हाती होता आणि हे कोणीही मुद्दाम केलेले नव्हते. त्यानंतर मी सर्व कामांची पाळी हजेरी क्रमांकाने लावली.

हंगामी मुलांविषयी एक महत्त्वाची गोष्ट. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही, आणि त्याच कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. ही मुले शाळेत ‘बसायला’ येत नाहीत, ती आपली विद्यार्थी असतात. त्यांचे नाव पहिल्याच दिवशी हजेरीत घ्यावे, इतरांप्रमाणेच मोठ्याने पुकारावे, आणि वर्गातील तक्त्यावर, वाढदिवसांच्या यादीत, खेळाच्या संघात ते दिसावे.

आपण सातारा जिल्ह्यात आहात, म्हणून नावाच्या गोष्टीसाठी एक सुचवतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील तेव्हाच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमध्ये क्रमांक १९१४ पुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. साताऱ्यात शिकताना त्या मुलाला वेगळे गोणपाटावर बसावे लागे आणि शिपाई नसला तर तहान लागूनही पाणी मिळत नसे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. ऊसतोडीची मुले येतात तीही साधारण याच सुमारास. भाषणांऐवजी त्या दिवशी फक्त ती नोंद फळ्यावर लिहावी आणि मुलांना विचारावे, की हा मुलगा आज आपल्या वर्गात आला तर तो कोठे बसेल. मी एकदा विचारले होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलीने आपले दप्तर उचलून बाकावर जागा केली.

प्रश्नकर्तीचे उत्तर, पाच आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. जे करता आले ते लिहिते आहे, कारण अशी स्थिती इतर शाळांतही असेल.

मुख्याध्यापक सरांनी सांगितल्याप्रमाणे मी आधी आठवडाभर नोंदी केल्या. श्रवणयंत्र लावणारा मुलगा खिडकीजवळ, रस्त्याच्या आवाजात बसत होता, आणि आलेल्या नऊपैकी सात मुले शेवटच्या दोन ओळींत होती. ही व्यवस्था मीच केली होती, असे नोंदी सांगत होत्या. आता जागा दर सोमवारी बदलतात.

शब्दांचा तक्ता सुरू झाला आहे. ‘भाकरी’ला गोरमाटीत ‘बाटी’ म्हणतात, हे आमच्या वर्गाला आता पाठ आहे, आणि मधल्या सुट्टीत गावातली मुलेही हा शब्द वापरताना मी ऐकली. ‘तीन वर्तुळे’ मात्र पहिल्या वेळी जमले नाही. अर्ध्या मुलांनी एकमेकांचे पाहून ‘मला क्रिकेट आवडते’ एवढेच लिहिले. दुसऱ्या वेळी मी आधी माझे बाहेरचे वर्तुळ वाचून दाखवले, तेव्हा थोडे मोकळेपण आले.

उसाचा पाठ चार दिवस चालला. लागणीच्या भागात गावातल्या मुलांनी आडसाली, पूर्वहंगामी आणि ‘सुरू’ या लागणी आणि तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा खोडवा यांतला फरक इतका नेमका सांगितला, की मलाच वहीत उतरवून घ्यावा लागला. तोडीचा भाग त्या मुलीकडे होता, जिच्याविषयी मी सुरुवातीला लिहिले आहे. तिने घरून हिरवे वाढे, म्हणजे उसाचे पानांसह शेंडे, आणले होते. ते तिने दोन्ही हातांत धरून पिळले, त्याचा दोर केला आणि गटाच्या सगळ्या पट्ट्या एकत्र करून त्यांची मोळी बांधली. गाठ अशी होती, की तिच्या गटातल्या थोराड मुलालाही ती ओढून सुटली नाही. मग त्यानेच, ज्याने पाचटाच्या घराविषयी बोलले होते त्यानेच, विचारले, की ऊस अगदी जमिनीलगत का तोडतात. तिने सांगितले, ‘‘बुडख्यात साखर जास्त असती. अन् वर तोडला तर खोडवा नीट फुटत नाही, मालकाचं नुकसान होतं.’’ तो म्हणाला, ‘‘माझे पप्पा पण हेच म्हणतात.’’ आणि दोघे पुढचा भाग लिहायला बसले.

त्याच गटात ‘कोयता’ या शब्दावरही चर्चा झाली. फडावर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, हे बहुतेक गावातल्या मुलांना माहीत नव्हते. एका मुलाने ‘‘माणसाला अर्धं कसं म्हणतात?’’ असे विचारले आणि त्यावर गट बराच वेळ बोलत राहिला. आलेल्या मुलांपैकी कोणाच्या घरी काय आहे, हे मी विचारले नाही आणि कोणाला विचारू दिले नाही.

‘कोपीवाली’ ही हाक पूर्णपणे थांबलेली नाही. मागच्या आठवड्यात पाचवीच्या मुलांकडून ती पुन्हा ऐकू आली, तेव्हा आमच्या वर्गातल्या दोघांनी त्यांना हटकले आणि भांडण झाले. ते मला सोडवावे लागले. पाचवीच्या वर्गशिक्षकांशी मी बोलले आहे आणि पुढच्या महिन्यापासून शब्दांचा तक्ता दोन्ही वर्ग मिळून करणार आहेत.

आता एक विनंती. पट्टा पडला की ही मुले परत जातील आणि तेथील वर्गात पुन्हा ‘हंगामात नसलेली मुले’ म्हणून बसतील. बीड किंवा आसपासच्या जिल्ह्यांतील कोणी शिक्षक हे वाचत असतील, तर ही मुले परतल्यावर आपण वर्गात त्यांचे स्वागत कसे करता, त्यांनी येथे शिकलेले आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून मी त्यांच्याबरोबर काय पाठवावे, हे कृपया लिहावे. वह्या आणि प्रगतिपत्रकाची प्रत मी देणारच आहे. शब्दांच्या तक्त्याची एक प्रत आपल्या हाताने लिहून न्यावी, असे मुलांनीच ठरवले असून ते काम कालपासून सुरू झाले आहे.